गोळी रोजची, दिवस मात्र रोजचे नसतात

डबी टेबलावर पालथी करायची, उरलेल्या गोळ्या दोन-दोन करत बाजूला सरकवायच्या आणि आकडा कार्डावर लिहायचा, हे एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रातल्या, समुपदेशकाचं रोजचं काम. मराठवाड्यातल्या एका केंद्रात मी ते बरीच वर्षं करते आहे. आमच्याकडे एक गृहस्थ येत. त्यांची मोजणी कधी चुकायची नाही. तीस गोळ्यांची डबी नेली की अठ्ठाविसाव्या दिवशी हजर, आणि डबीत बरोब्बर दोन गोळ्या. आम्ही खूश. मग वर्षाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, आला, ४८ हजार. फारच जास्त. दार लोटून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं. खाली बघत म्हणाले, "मॅडम, जास्तीच्या उरल्या की फाटकाजवळच्या नालीत टाकून येतो. तुम्ही रागावता ना."

चूक माझी होती. गोळ्या मोजण्याला मी परीक्षेचं रूप दिलं होतं, आणि परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. तेव्हापासून मी "गोळी चुकली का?" असं विचारत नाही, "या महिन्यात किती चुकल्या?" असं विचारते. उत्तर बहुतेक वेळा खरं येतं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. निव्वळ विसरल्यामुळे चुकणाऱ्या गोळ्या थोड्या असतात. बाकीच्या चुकतात ते दिवसाची घडी मोडली म्हणून. घरी पाहुणे आले, लग्नाला गेलो, टोळीबरोबर ऊसतोडीला गेलो, नवऱ्याशी भांडण झालं, दुसऱ्याच आजारासाठी दवाखान्यात भरती झालो. नेहमीच्या दिवशी गोळी सगळेच घेतात. म्हणून तयारी करायची ती मोडलेल्या दिवसांची, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

आधी, गोळी आत काय करते

सरकारी केंद्रांत मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हा दिवसातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागत आणि त्रासही बराच व्हायचा. आज बहुतेक प्रौढांना दिवसाला एकच गोळी मिळते, टीएलडी. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं असतात. पहिली दोन विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत. तिसरं औषध विषाणूला आपल्या पेशीच्या गाभ्यातल्या जनुकांत शिरू देत नाही.

उपचार नसतील तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, आणि नक्कल करताना हा विषाणू फार चुका करतो. त्यातल्या एखाद्या चुकीमुळे औषधाला दाद न देणारा विषाणू जन्माला येऊ शकतो. रक्तात औषध पुरेसं असेल तर नक्कलच होत नाही, म्हणजे चुकीलाही जागा नाही. सगळ्यात वाईट ती अर्धवट अवस्था, म्हणजे औषध आहे पण कमी आहे. विषाणू वाढतोही आणि औषधाला चुकवायला शिकतोही. डोल्युटेग्राविर या बाबतीत दांडगं आहे. पूर्वीच्या नेविरापिन, इफाविरेन्झसारखं ते लगेच निकामी होत नाही. पण 'दांडगं आहे' याचा अर्थ काही जण 'चालतंय की' असा लावतात, आणि माझ्या टेबलावर येणारे वाढलेले आकडे बहुधा त्यांचेच असतात.

"रिपोर्टमध्ये काहीच सापडत नाही, मग गोळी कशाला?" असंही विचारतात. काही विषाणू आपल्याच पांढऱ्या पेशींत झोपून राहतात. त्यांच्यापर्यंत कोणतंच औषध पोचत नाही. गोळी बंद केली की बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. सीडी-फोर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, कितीही चांगला असला तरी हेच होतं.

पायरी पहिली: वेळ नको, खुंटी शोधा

"रात्री नऊला घेईन" असं ठरवणाऱ्यांपेक्षा "चूळ भरली की घेईन" असं ठरवणाऱ्यांचं जास्त टिकतं. घड्याळातले नऊ प्रवासात, लग्नघरात, लोडशेडिंगमध्ये निसटतात. चूळ कुठेही भरावीच लागते. म्हणून गोळी कोणत्या तरी पक्क्या सवयीच्या खुंटीला टांगा: सकाळचा पहिला चहा, देवाला दिवा, बीपीची गोळी, रात्री मोबाइल चार्जिंगला लावणं. गजर लावायला हरकत नाही, पण गजर वाजला तेव्हा आपण एसटीत असतो आणि डबी घरी असते, हे मी फार ऐकलं आहे.

टीएलडी उपाशीपोटी चालते, जेवणानंतरही चालते. त्यामुळे एकादशी असो, श्रावणी सोमवार असो, गोळी चुकवायचं कारण नाही. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडतो असं वाटत असेल तर संध्याकाळी उपास सोडताना घ्या. रोज्याच्या महिन्यात सहेरी किंवा इफ्तारची वेळ धरा. मात्र सगळा महिना एकच.

सुरुवातीच्या आठवड्यांत काहींची झोप उडते, डोकं दुखतं. अशांनी गोळी सकाळवर आणावी, बहुधा तेवढ्याने भागतं. जुन्या इफाविरेन्झच्या गोळीने चक्कर यायची, चित्रविचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती रात्री देत. तेव्हाची सवय म्हणून अनेक जण टीएलडीही रात्रीच घेतात. घ्यावी, बिघडत काही नाही. वजन वाढतं ही तक्रारही खरी आहे, ते केंद्रात लिहवून घ्या. खासगी लॅबमध्ये क्रिएटिनिन जरासं वाढलेलं दिसलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डोल्युटेग्राविरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही हा आकडा थोडा वर जातो. मूत्रपिंडाला खरा त्रास टेनोफोविरमुळे क्वचित होतो. दोन्हींतला फरक डॉक्टरांना ठरवू द्या.

पायरी दुसरी: डबीची जागा

हा विषय पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. प्रत्यक्षात निम्मी लढाई इथेच असते. घरात सगळ्यांना माहीत असेल तर डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवा आणि पुढच्या पायरीवर जा. माहीत नसेल तर नीट विचार करायला हवा.

पहिली अडचण आवाजाची. डबी पिशवीत खुळखुळते आणि शेजारची बाई विचारते, "कशाच्या गोळ्या गं?" वरच्या रिकाम्या जागेत कापसाचा बोळा घाला, आवाज बंद. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, ती गोळ्यांसाठीच असते. नाव दिसू नये म्हणून लेबल काढायचं असेल तर काढा, पण आधी त्यावरची मुदतीची तारीख केंद्राने दिलेल्या एआरटीच्या पुस्तकात लिहून ठेवा. सगळ्या गोळ्या कागदात बांधून ठेवू नका, पावसाळ्यात त्या ओल धरतात. आठवड्यापुरत्या सात गोळ्या छोट्या कोरड्या डबीत काढा, बाकी मूळ डबीत बंद राहू द्या. मोरीजवळ, चुलीशेजारी, दुचाकीच्या डिकीत गोळ्या ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट: रोज एक गोळी जवळ हवी. पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत, शर्टाच्या आतल्या खिशात, कुठेही. अचानक मुक्काम पडला तर ती रात्र निभावते. ती वापरली नाही तर रविवारी तीच घ्या आणि नवी ठेवा, नाहीतर खिशातच विरघळते.

"कशाच्या गोळ्या?" याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. आमच्याकडच्या एक ताई "रक्त कमी आहे" म्हणतात. मला यात काही गैर वाटत नाही. आपला आजार कोणाला सांगायचा हे ठरवायचा हक्क तुमचा आहे आणि कायदा त्यामागे उभा आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करायला त्यात मनाई आहे, नोकरीत किंवा दवाखान्यात दुजाभाव करायलाही. पण एक अनुभव सांगते. घरातल्या निदान एका माणसाला माहीत असलेल्यांच्या गोळ्या कमी चुकतात. तो माणूस नवरा किंवा सासूच असायला हवा असं नाही. बहीण चालते, जुनी मैत्रीण चालते.

पायरी तिसरी: चुकली तर

आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. मग पुस्तकाच्या मागच्या पानावर तारीख आणि कारण लिहा. "१४ तारीख, मामांकडे मुक्काम." एवढं पुरे. दोन महिन्यांत तीन वेळा 'मुक्काम' दिसलं तर आपला उपाय खिशातल्या गोळीत आहे, हे तुम्हालाच कळेल.

हिशेब असा: घेतलेल्या गोळ्या भागिले घ्यायला हव्या होत्या तितक्या, गुणिले शंभर. तीस दिवसांत एक चुकली तर ९६.७ टक्के. दोन चुकल्या तर ९३.३. आमची रेघ ९५ वर आहे, म्हणजे महिन्याला एक. दोन चुकल्या म्हणून आभाळ कोसळत नाही, पण सलग दोन-तीन महिने तसंच चाललं तर बसून बोलावं लागतं.

दारूचं स्पष्टच सांगते. "आज घेतलीय, मग गोळी नको" असा नेम अनेकांनी स्वतःच करून घेतला आहे, आणि हे लोक फार प्रामाणिकपणे गोळी चुकवतात. दारू वाईटच, यकृताला वाईट, विसरायला लावते म्हणून वाईट. पण ज्या दिवशी प्यालात त्या दिवशीही गोळी घ्यायची. जे संध्याकाळी पितात त्यांना मी गोळी सकाळी करून देते.

पायरी चौथी: मोडलेले दिवस

ऊसतोडीचं उदाहरण घेते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे किंवा थेट कर्नाटकात जातो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो. पाच-सहा महिने. मध्ये एक दिवस सुटी घेतली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. "मॅडम, दवाखान्यात यायचं म्हंजी दोन कोयत्याचा खाडा, वर एसटीचं भाडं," असा हिशेब मला एकाने बोटांवर मोजून दाखवला होता. त्याचं चुकत नव्हतं.

म्हणून गाव सोडायच्या निदान पंधरा दिवस आधी केंद्रात या. तीन गोष्टी मागायच्या. एक, जास्त महिन्यांच्या गोळ्या. तब्येत स्थिर आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या देण्याची सोय आहे. दोन, जिथे जाणार तिथलं जवळचं एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र (मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) कोणतं, ते कारखान्याचं किंवा तालुक्याचं नाव सांगून शोधून घ्या. तीन, कायमचं किंवा बऱ्याच काळासाठी जात असाल तर ट्रान्सफरचं पत्र. थोड्याच दिवसांसाठी जात असाल तर पत्राशिवायही, पुस्तक दाखवून, वाटेतल्या दुसऱ्या केंद्रातून गोळ्या मिळू शकतात. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. काहीच सुचेना तर १०९७ हा मोफत क्रमांक फिरवा, जवळचं केंद्र सांगतात.

व्हायरल लोडची तारीख मोसमाच्या मधोमध येत असेल तर तेही तेव्हाच बोला. नमुना निघायच्या आधीच घेता येतो का ते पाहता येतं.

वारीला जाणाऱ्यांनी चालायच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त गोळ्या न्याव्यात आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात: अर्ध्या अंगावरच्या पिशवीत, अर्ध्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात. आषाढात पिशवी भिजतेच. लग्नघरासाठी खिशातली गोळी. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनी ट्रान्सफरचं बोलणं सातव्या महिन्याच्या आत करावं, कारण जन्मल्याबरोबर बाळाला द्यायचं औषध तिथल्या दवाखान्यात तयार असायला हवं.

दुसऱ्या आजारासाठी भरती झालात तर तिथल्या डॉक्टरांना एआरटी चालू असल्याचं सांगा. ऑपरेशनच्या दिवशीही गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते का, हे त्यांनाच विचारा. मनाने बंद करू नका. हेपॅटायटिस बी असलेल्यांनी तर अजिबात नाही. टीएलडीतली दोन औषधं तो विषाणूही दाबून धरतात आणि ती एकाएकी थांबली तर यकृताची सूज भडकू शकते.

पायरी पाचवी: बरोबरची औषधं

गोळी रोज घेऊनही व्हायरल लोड वाढलेला असेल तर मी पहिल्यांदा विचारते, "आणखी काय घेता?" कॅल्शियम, लोह, झिंक आणि ॲसिडिटीची पातळ औषधं डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएलडी आधी घ्या आणि ही औषधं दोन तासांनी. ती आधी घेतली असतील तर टीएलडी सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणाबरोबर टीएलडीच्या जोडीने चालतात, उपाशीपोटी नाही. गरोदर बायकांना हे सांगायचं हमखास राहून जातं.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही एकत्र असताना त्याची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. फिट्सची काही औषधं (कार्बामाझेपिन, फेनिटोइन) डोल्युटेग्राविरची ताकद कमी करतात. टीबी झाला तर त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळेही तेच होतं, म्हणून बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी जोडून देतात आणि टीबीचे उपचार संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. ही जोडलेली गोळी बऱ्याच जणांना 'जास्तीची' वाटते आणि तीच नेमकी सोडली जाते.

काढे, भस्मं, 'एचआयव्ही मुळापासून बरा' करणाऱ्या पुड्या यांवर मी वाद घालत नाही. काय घेताय ते आणून दाखवा, एवढंच म्हणते. टीएलडी बंद करायला सांगणारा माणूस कोणीही असो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पायरी सहावी: व्हायरल लोडचा कागद वाचणं

ही तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर वर्षाला एकदा होते. आकडा म्हणजे एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती सापडल्या. सीडी-फोर सांगतो तब्येतीच्या पेटीत शिल्लक किती आहे. चोरी चालू आहे की थांबली, हे व्हायरल लोड सांगतो. दोन्ही गोंधळून "माझा लोड वाढला, बरं झालं ना?" असं विचारणारे भेटतात. सीडी-फोर वाढावा, लोड घटावा.

कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' किंवा 'टीएनडी' असेल तर यंत्राला काहीच सापडलं नाही. '४० पेक्षा कमी' किंवा '२० पेक्षा कमी' असेल तर थोडंसं काही दिसलं, पण मोजण्याइतकं नव्हतं. यंत्रागणिक ही खालची हद्द बदलते. दोन्ही निकाल उत्तम, त्यांत फरक शोधत बसू नका. ५० ते ९९९ मध्ये आला तर घाबरायचं नाही, पण गेल्या तीन महिन्यांची पानं उलटायची. एखादाच छोटा उसळलेला आकडा पुढच्या वेळी खाली येतो. १००० च्या वर गेला तर पुढची पायरी.

जोडीदाराबद्दल लाजत विचारतात, म्हणून आपणहून सांगते. सलग सहा महिने ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही आणि जो गोळ्या चालू ठेवतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. पार्टनर नावाच्या युरोपातल्या अभ्यासाचे निकाल २०१६ आणि २०१९ मध्ये आले. जोडप्यांतला एक बाधित, एक नाही, निरोध न वापरता हजारो संबंध, आणि बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण शून्य. हे ऐकून एक वहिनी माझ्यासमोर रडल्या होत्या. अकरा वर्षं नवऱ्याच्या शेजारी झोपताना त्या स्वतःला दोष देत आल्या होत्या. मात्र इतर गुप्तरोगांसाठी निरोध लागतोच. अंगावरचं दूध आणि सुया यांना हा 'शून्य' लागू नाही. दूध पाजताना धोका फार कमी होतो, पण पुरता जात नाही.

आकडा १००० च्या वर आला तर

औषध बदलायची घाई नको. टीएलडीवर असताना आकडा वाढला तर बहुतेक वेळा गोळ्या पोचलेल्या नसतात, औषध हरलेलं नसतं. पुढचे तीन महिने दर महिन्याला समुपदेशन, ९५ टक्क्यांच्या वर गोळ्या, आणि मग पुन्हा व्हायरल लोड. बरेच जण इथेच खाली येतात. नालीवाले गृहस्थही आले, तिसऱ्या महिन्यात टीएनडी. त्यांची अडचण रात्रपाळीची निघाली. नऊची गोळी, आणि नऊलाच कारखान्याच्या फाटकावर झडती. गोळी सकाळी घरी आल्यावरच्या चहावर आणली, संपलं.

तीन महिने खरोखर नीट घेऊनही आकडा १००० च्या खाली येत नसेल तर प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे जातं आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या फळीची औषधं मिळतात, तीही मोफत. त्यांत अटॅझानाविर असेल तर ॲसिडिटीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, ते औषध पोटातल्या आम्लाशिवाय नीट उतरत नाही. इथे प्रामाणिक मोजणीचं मोल कळतं. खोट्या ९८ टक्क्यांवर विसंबून चांगलं चालणारं औषध उगाच बदललं जाऊ शकतं.

मध्येच सुटलं असेल तर

तीन महिने न आलेल्यांची नोंद आमच्या रजिस्टरात 'एलएफयू', म्हणजे 'संपर्क तुटलेले', अशी होते. नाव कटत नाही. सहा महिन्यांनी या, दोन वर्षांनी या, उपचार पुन्हा सुरू होतात. पडून राहिलेल्या जुन्या डबीतल्या गोळ्या घरीच सुरू करू नका, आधी या. खोकला, ताप, घटलेलं वजन, रात्रीचा घाम यांतलं काही आहे का ते बघावं लागतं, सीडी-फोर करावा लागतो. सतत डोकं दुखत असेल, उलट्या होत असतील तर त्याच दिवशी या आणि रांगेत न थांबता सिस्टरला सांगा.

प्रवासखर्चाची अडचण असेल तर तेही बोला. एसटीच्या सवलतीचे कागद आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज यांची माहिती समुपदेशकाकडे असते, ग्रामपंचायतीत जाऊन विचारायची गरज नाही.

येताना पुस्तक आणा. हरवलं असेल तर तसेच या, जुना नंबर नावावरून सापडतो. आणि डबी आणा, उरलेल्या गोळ्यांसकट, कितीही उरल्या असल्या तरी.